आईच्या खोलीतला दिवा

माणसाचा आळस कोणाच्या मुळावर येईल याचा नेम नसतो. माझा आळस आईच्या झोपेवर आला.

गेल्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा वायरमनने तिच्या आणि माझ्या खोलीत रिमोटवर चालणारे दिवे बसवले. आईला रात्री उठून बटणापर्यंत जावे लागू नये, हा त्यातला सांगण्याजोगा हेतू. पुस्तक मिटून मला अंथरुणातूनच दिवा घालवता यावा, हा खरा.

पावसाळ्यात एकदा जेवताना आईने विचारले, "अरे, मी झोपताना दिवा मालवते ना रे?"

"विसरत असशील," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली. ८१ वर्षांच्या बाईने दिवा विसरावा, यात नवल ते काय! तिनेही तो विषय पुन्हा काढला नाही.

परवा दिवाळीच्या तिथी पाहण्यासाठी तिच्या खोलीतली दिनदर्शिका काढली, तर मागल्या पानांवर पेन्सिलीने बारीक नोंदी. 'दिवा मालवला, ९.४०. नक्की.' 'मालवला, ९.३५. दोनदा पाहिले. ११.३० ला चालू.' असे तीन महिने! माझी मावशी अखेरच्या दिवसांत माणसे ओळखेनाशी झाली होती आणि तिचे सारे आईनेच केले होते. त्या नोंदींचा अर्थ मला उमगला. माझ्या 'विसरत असशील'चाही.

साडेअकरा ही माझी पुस्तक मिटण्याची वेळ. मी सौ.ला आईच्या खोलीत उभे केले आणि माझ्या खोलीतून रिमोट दाबला. इकडे दिवा विझला, भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, इथला लागला!"

टीव्हीचा रिमोट असा आगाऊपणा करीत नाही. त्याचे अवरक्त किरण भिंतीशी थांबतात. आमचे दिवे मात्र ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारे, आणि या लहरींना घरातल्या भिंतीची पर्वा नसते. गंमत म्हणजे ही अडचण अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने सत्तर वर्षांपूर्वीच ओळखली होती. रेडिओलहरी वापरल्या तर शेजाऱ्याचाही टीव्ही बदलेल, म्हणून तिच्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी १९५६ साली कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट केला. त्यात बॅटरीसुद्धा नव्हती. बटण दाबले की आत अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यावर हातोडी पडे!

आमच्या घरी झाले ते असे. वीज आल्यावर पहिली काही सेकंदे हा दिवा नवशिक्या असतो. त्या वेळी जो रिमोट दाबला जाईल, त्याला तो धनी मानतो. वायरमनने दोन्ही दिवे बसवून मेन स्विच वर केला आणि माझा रिमोट दाबला. दोन्ही दिवे शिकले! आईच्या दिव्याला त्याने पुढे तिचा रिमोटही शिकवला. बिचारा दोन धन्यांचे ऐकू लागला.

माहितीपत्रक स्वयंपाकघरातल्या खणात, रेशनकार्डाखाली सापडले. कंपनीकंपनीची रीत निराळी. आमची अशी, की माझ्या दिव्याची वीज आधी भिंतीवरच्या बटणाने बंद ठेवायची, आईचा दिवा बंद करून पुन्हा लावायचा आणि लगेच रिमोटचे बटण दाबून धरायचे. दिवा लुकलुकला की तो सारे विसरला. मग तसेच पुन्हा करून एकट्या तिच्या रिमोटची ओळख करून द्यायची. दहा मिनिटांचे काम!

आई खुर्चीत बसून पाहत होती. मी सारे समजावून सांगितले.

"म्हणजे तो तू होतास?"

"हो."

"रोज?"

"रोज, आई."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जा, तुझ्या खोलीतनं दाब बघू."

मी दाबला.

"परत."

असे पाच वेळा झाले. सहाव्यांदा हाक आली नाही, म्हणून मी तिच्या दारात जाऊन पाहिले. दिनदर्शिका मांडीवर घेऊन ती खोडरबराने त्या नोंदी पुसत होती.