डहाणूच्या भिंतीवरचा संसार

डहाणू म्हटले की आपल्याला चिकू आठवतो. पण डहाणू रोड स्टेशनवर उतरून समुद्राकडे पाठ केली आणि पूर्वेची वाट धरली, की चिकूच्या वाड्या मागे पडतात, भातखाचरे लागतात आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात.

इथली जुनी घरे कुडाची. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप आणि त्यावरून गेरूचा हात. हाच चित्राचा कागद. रंग एकच, पांढरा, तोही तांदळाच्या पिठाचा. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की झाला कुंचला.

घरात लग्न निघाले की सवाशिणी भिंतीवर चौक काढतात. चौकात पालघट देवी असते. तिच्यासोबत सूर्य-चंद्र असतात, तशीच केस विंचरायची फणी आणि शिडीही असते! रोज हाताळायच्या वस्तूला देवाशेजारी जागा देणारी ही माणसे. इतर चित्रांत सूप, मडकी, कणगी, उखळ-मुसळ दिसते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, की मुसळ धरलेली बाई उभी राहते.

शेतीखात्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट जाणवते. लावणी, झोडणी, कांडणी असा भाताचा सारा प्रवास या भिंतीवर आहे, आणि तो रंगवलाही आहे भातानेच.

१९७० नंतरच्या काळात पुरुषही कागदावर चित्रे काढू लागले. त्यांत गंजाडचे जिव्या सोमा म्हसे अग्रणी. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

आता पाड्यांवर सिमेंटच्या भिंती आल्या, भात गिरणीत जाऊ लागला. घर पक्के झाले, बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण उखळ कोपऱ्यात गेले, की ते कसे वापरायचे हे पुढच्या पिढीला कोण सांगणार? वारल्यांकडे ते निदान चित्रात तरी शिल्लक आहे. आपल्याकडे काय आहे?

आपली पाभर, जाते, पाटा-वरवंटा, दुरडी भंगारात किंवा चुलीत जाण्याआधी मुलांच्या हाती कागद द्या. वस्तू समोर ठेवून चित्र काढायला सांगा. आजीला शेजारी बसवा. कोणता भाग कशासाठी, ते ती सांगेल. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ते घरातल्या भिंतीवर मात्र लावा.