वाळूतला रस्ता आणि आमची खरेदी

मागच्या हिवाळ्यात आमचा धाकटा भाऊ मस्कतहून बायकामुलांना घेऊन शर्किया वाळवंटात गेला होता. जुने लोक ज्याला वहिबा सँड्स म्हणतात, तेच हे. दुपारी काचेला चिकटवलेला फोन उन्हाने तापला, पडद्यावर तापमानाची सूचना आली आणि नकाशा गेला. वाळूच्या टेकड्या सगळ्या सारख्याच. आपल्याच टायरच्या खुणा शोधत ते तीन तासांनी डांबरी रस्त्याला लागले. मागच्या सीटवर आमची दोन वर्षांची भाची होती आणि पाण्याची एकच बाटली उरली होती.

भाभीने त्या रात्रीच सांगून टाकले, "धड साधने घेतल्याशिवाय मी आणि मुले त्या गाडीत बसणार नाही." यंदा दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला घेऊन आम्ही दोघे मस्कतला जायचे ठरले, तेव्हा भावाचा फोन आला. "आपा, तुम्ही दोघे शिक्षक माणसे. काय घ्यायचे ते तुम्हीच ठरवा, म्हणजे ती माझ्याशी भांडणार नाही."

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. यंत्रांशी आमचा संबंध हजेरीच्या ॲपपुरता. पण अम्मी बरोबर येणार होती, म्हणून दोन महिने रात्री बसून वाचले, विचारले.

पहिला गैरसमज आमचाच निघाला. रेंज गेली की जीपीएस गेले, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नाही. उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्राला आपली जागा समजते, त्यासाठी सिमकार्ड लागत नाही. रेंज नसताना जातो तो नकाशा. आपण कुठे आहोत हे फोनला कळते, पण दाखवायला त्याच्याजवळ कागद नसतो. तो कागद घरूनच, वायफायवर, उतरवून न्यावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन ॲप्स त्यासाठी चांगली. कच्च्या वाटाही त्यांत बऱ्याच दिसतात. दोन फोनांवर दोन वेगळी ॲप्स टाकायची, हे भाचाने सुचवले. तो नववीत आहे आणि या खरेदीत आमच्यापेक्षा तोच शहाणा ठरला.

भावाचा जीव मात्र मोठ्या पडद्यावर. दुकानदाराने त्याला स्वस्तात एक टॅबलेट दाखवला होता, पैसे देणेच बाकी होते. आम्ही विचारले, यात सिमची जागा आहे का? नव्हती. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या पुष्कळ टॅबलेटांत जीपीएसची चिपच नसते. आयपॅडचेही तसेच, सिमवाल्यात असते, नुसत्या वायफायवाल्यात नसते. घरात बसून तो नकाशा झकास दाखवतो आणि वाळवंटात गेल्यावर मुका होतो. दुकानदाराने हे सांगितले नाही. कदाचित त्यालाही ठाऊक नसावे. टॅबलेट राहिला.

लॅपटॉपवरून दोन रात्री वाद झाला. जुन्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क असते, खड्ड्यांतले हादरे तिला सोसत नाहीत. एसएसडी असेल तर तो धोका उरत नाही, कारण तिच्यात हलणारे काही नाही. पण आमचे मत पडले की लॅपटॉप घरीच बरा. रस्ता त्याच्यावर आखावा, जीपीएक्स फाइल करून यंत्रात घालावी आणि झाकण लावावे. चालत्या गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणारा माणूस रस्ता पाहत नाही.

खर्च केला तो हातात मावणाऱ्या गार्मिनच्या जीपीएसवर. पडदा लहान, दिसायला आमच्या जुन्या बटणांच्या मोबाइलसारखा. भाऊ हसला. पण भर उन्हात तो स्पष्ट वाचता येतो, साध्या पेन्सिल सेलवर चालतो, आणि आलो त्या वाटेची रेघ जपून ठेवतो. परतताना तीच रेघ धरायची. मागच्या हिवाळ्यात नेमके हेच हवे होते.

फोनचे तापणे उरले होते. बहुतेक फोन पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि काचेमागचे ऊन त्याच्या कितीतरी वर जाते. म्हणून स्टँड काचेवरून काढून एसीच्या झडपेपाशी बसवला. इन्व्हर्टर घेतलाच नाही. गाडीची १२ व्होल्टची वीज आधी २२० करायची आणि चार्जरने पुन्हा उतरवायची, त्यात ती फुकट जाते. सॉकेटात बसणारा यूएसबी चार्जर पुरतो, पण हादऱ्यांनी तो सैल होतो, दर तासाला दाबून पाहावा लागतो.

उपग्रहावरून निरोप पाठवणारे यंत्रही भावाने सांगितले होते. ते आम्ही इथून नेले नाही. भारतात सरकारी परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणे गुन्हा आहे. त्याऐवजी भावाच्या मित्राची दुसरी गाडी बरोबर घेतली.

बिदियाला, वाळूच्या तोंडाशी, टायरमधली हवा कमी करायला थांबलो. मुक्कामाची जागा त्या मित्राने कागदावर लिहून दिली होती: उत्तर २२ अंश १५ मिनिटे, पूर्व ५८ अंश ४५ मिनिटे. गार्मिन दक्षिणेला बोट दाखवत होते आणि आमचा फोन नैऋत्येला. दोन यंत्रांत सुमारे ३३ किलोमीटरचा फरक. भाभीने काही न बोलता भाचीला गाडीतून उतरवले.

भाचाने कागद मागितला. गार्मिनमध्ये आकडे त्याने भरले होते, फोनमध्ये आम्ही. आम्ही २२.१५ आणि ५८.४५ असे टाकले होते. अंशाची ६० मिनिटे होतात, तेव्हा १५ मिनिटे म्हणजे पाव अंश, २२.२५ हवे होते, आणि ४५ मिनिटांचे ५८.७५. वर्गात पूर्णविराम आणि स्वल्पविरामावरून मुलांचे गुण कापणारे आम्ही, एका टिंबावरून साऱ्या घराला भलतीकडे नेणार होतो. भाचा हसला नाही, हे त्याचे मोठेपण. आकडे दुरुस्त झाल्यावर फोन आणि गार्मिन एका रेघेवर आले. भाभीने दोन्ही पडदे स्वतः पाहिले, मित्राच्या गाडीतला तिसरा फोनही पाहिला, मगच भाचीला सीटवर बांधले.

मुक्कामाला पोचलो तेव्हा मगरिबची वेळ होत आली होती. भाचा फोनवर किब्ल्याची दिशा शोधू लागला. अम्मी तोवर सूर्य कुठे बुडतो आहे ते पाहून जानमाज अंथरून उभी राहिली होती. फोनने दाखवलेली दिशा तिच्यापेक्षा थोडीशीच वेगळी निघाली. तिने जानमाज तेवढी वळवून घेतली.

येताना गार्मिनची रेघ धरून आलो. भावाला अजून मोठा पडदा हवा आहे. सिमवाला बघ, एवढेच आम्ही म्हटले आहे.