बिनसिमेंटच्या भिंतींचा डोंगर

घरात जगाचा नकाशा असेल तर आधी तो जमिनीवर पसरा. नसेल तर ताईचा किंवा दादाचा भूगोलाचा अ‍ॅटलास मागून आणा. सापडला युरोप? त्याच्या खाली भूमध्य समुद्र. आता स्पेन देशाच्या पूर्वेला समुद्रात नीट बघा. चार-पाच ठिपके दिसतील. त्यांतला सर्वांत मोठा ठिपका म्हणजे मायोर्का बेट. आज आपण तिथेच जायचंय!

मायोर्काला जगभरचे लोक जातात ते समुद्रकिनाऱ्यावर पहुडायला. आपण मात्र डोंगर चढणार आहोत. बेटाच्या वायव्येला, समुद्राला अगदी खेटून, सुमारे ९० किलोमीटर लांबीची एक डोंगररांग उभी आहे. तिचं नाव सेरा दे त्रामुन्ताना. 'सेरा' म्हणजे डोंगररांग आणि 'त्रामुन्ताना' म्हणजे उत्तरेकडून येणारा गार वारा. हा वारा डोंगर स्वतःच्या अंगावर घेतो आणि पाठीमागच्या सपाट शेतांना ऊब मिळते.

पुच माजोर हे इथलं सर्वांत उंच शिखर. उंची १४०० मीटरहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. पण तिथे लष्कराचा तळ आहे, त्यामुळे माथ्यावर कुणालाही जाता येत नाही.

आपला सह्याद्री काळ्या दगडाचा, लाव्हारसातून तयार झालेला. त्रामुन्ताना मात्र पांढुरक्या चुनखडीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी हा दगड समुद्राच्या तळाशी होता. आफ्रिका आणि युरोप एकमेकांकडे सरकू लागले तसा तो दुमडत दुमडत वर आला. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते. म्हणून इथे गुहा आहेत, सुरीसारख्या धारेचे खडक आहेत आणि तोरेंत दे पारेइस नावाची खोल घळही आहे. या घळीचे कडे ठिकठिकाणी दोनशे मीटरहून उंच आहेत. घळ जिथे समुद्राला मिळते तिथे जाण्यासाठी १९३२ साली सा कालोब्राचा घाटरस्ता बांधला गेला. त्यात एका ठिकाणी रस्ता गोल फिरून चक्क स्वतःच्याच पुलाखालून जातो. लोक त्या वळणाला म्हणतात 'टायची गाठ'!

आगगाडीही आहे बरं का! पाल्मा हे बेटावरचं मुख्य शहर. तिथून सोयेर या गावाला १९१२ साली रेल्वे सुरू झाली. सोयेर चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आणि संत्र्यांनी लगडलेलं. सत्तावीस किलोमीटरच्या वाटेत तेरा बोगदे लागतात. लाकडी डब्यांची ही गाडी आजही धावते.

एक गुपित सांगू? या डोंगरातल्या ओढ्यांत एक चिमुकला बेडूक राहतो, फेर्रेरेत. नावाचा अर्थ 'छोटा लोहार', कारण त्याचा आवाज ऐरणीवर हातोडी पडल्यासारखा येतो. १९७७ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं ते फक्त जीवाश्मांवरून. सगळ्यांना वाटलं, हा केव्हाच संपला. आणि पुढे दोन-तीन वर्षांतच तो दुर्गम घळींमध्ये जिवंत सापडला! याच्या घरी अंडी सांभाळतात ते बाबा. मागच्या पायांना अंड्यांची माळ गुंडाळून ते हिंडतात.

पण मला सर्वांत आवडतात त्या इथल्या भिंती. उतारावर माती टिकत नाही. जोराचा पाऊस आला की ती थेट समुद्रात. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं खपून उताराच्या पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला दगडाची भिंत आणि भिंतीमागे माती. तिच्यात ऑलिव्हची झाडं लावली. त्यांतली काही इतकी म्हातारी आहेत की त्यांची खोडं पिळलेल्या धुण्यासारखी दिसतात.

आणि गंमत म्हणजे या भिंतींत सिमेंट नाही, चुना नाही, चिखलसुद्धा नाही. कोकणातल्या मुलांना आपला गडगा आठवेल. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीनं विचारलंच, "बाई, मग भिंत पडत नाही का?"

उलट आहे! पक्क्या भिंतीमागे पाणी साठतं आणि तिला ढकलत राहतं. या भिंतीच्या फटींतून पाणी झिरपून जातं, माती मात्र मागेच राहते. दर्शनी बाजूला मोठे दगड हातोडीनं घडवून एकात एक बसवायचे, मागे बारीक दगड भरायचे आणि भिंत किंचित आत झुकवायची. हे काम करणाऱ्या गवंड्यांना तिथे 'मार्जे' म्हणतात.

या भिंतींना एकच गोष्ट मारते, ती म्हणजे दुर्लक्ष. एक दगड निसटला आणि कुणी परत बसवला नाही, तर पुढच्या पावसात शेजारचे चार जातात. १९६० नंतर बेटावर पर्यटक वाढले. तरुण माणसं शेती सोडून हॉटेलांत कामाला गेली. भिंती ढासळू लागल्या, म्हाताऱ्या मार्जेंच्या हातातली विद्या तशीच संपते की काय, अशी वेळ आली. मग १९८० नंतरच्या दशकात तरुणांना ही कला पुन्हा शिकवायला सुरुवात झाली. २०११ साली युनेस्कोनं या डोंगररांगेला जागतिक वारसा ठरवलं. नुसत्या देखाव्यासाठी नव्हे हं, माणसानं आणि डोंगरानं मिळून जे घडवलं त्यासाठी. २०१८ साली बिनसिमेंटच्या बांधकामाची कलाही युनेस्कोच्या यादीत आली. तेव्हा तिथे स्पेनबरोबर आणखी सात देशांची नावं होती.

या भिंतींवर बांधणाऱ्यांची नावं नाहीत. पण त्यांनी बसवलेल्या दगडांमागे आजही माती आहे आणि मातीत झाड आहे.

आता एक गृहपाठ. तुमच्या गावात, आजोळी किंवा शेताच्या बांधावर अशी बिनसिमेंटची भिंत आहे का? शोधा. ती कुणी बांधली, हे आजी-आजोबांना विचारा. आणि एखादा दगड निसटलेला दिसला, तर मोठ्यांना सोबत घेऊन तो परत जागेवर बसवा. बघा जमतंय का!