चौदा तुकडे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला खोपोलीच्या एका सुतारदादांकडून मी सागवानी फळीचे चौदा तुकडे कापून घेतले. सेमिनरीत असताना एका जुन्या पुस्तकातून उतरवलेली आकृती माझ्या वहीत होती. थोर ग्रीक गणिती आर्किमिडीज याने ज्यावर ग्रंथ लिहिला, ते हे कोडे : 'स्टोमॅकियन'. अकरा त्रिकोण, दोन चौकोन आणि एक पंचकोन. नीट जुळवले की पूर्ण चौरस होतो. चौरस बारा इंचांचा घेतला तर प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ पूर्णांकात येते. सर्वांत लहान तुकडा 3 चौरस इंचांचा, सर्वांत मोठा 24 चा आणि सर्वांची बेरीज 144.

रविवारची मिस्सा व धर्मशिक्षणाचा वर्ग आटोपला की खालापूरकडची मुले एसटीची वाट पाहत आमच्या कर्जतच्या ओसरीवर थांबत. त्यांच्यापुढे मी ते तुकडे ठेवले. चौथ्या शतकातील रोमन कवी ऑसोनियस याने या तुकड्यांतून हत्ती, रानडुक्कर साकारत असल्याचे लिहून ठेवले आहे. आमच्या मुलांनी घाट चढणारे इंजिन केले!

एके दिवशी एका बारा वर्षांच्या मुलाने हाक मारली, "फादर, झाला!" मी पाहिले. वहीतल्या आकृतीशी ते जुळत नव्हते. "चुकलं रे," असे म्हणत मी त्याची मांडणी मोडली आणि 'बरोबर' चौरस लावून दाखवला. तो हळूच म्हणाला, "पण फादर, चौकोन तर भरला होता ना?" मी उत्तर दिले नाही. त्यानंतर त्याने त्या तुकड्यांना हात लावला नाही.

काही महिन्यांनी या कोड्याविषयी वाचत असता मी थबकलो. 2003 मध्ये बिल कटलर यांनी संगणकाच्या साहाय्याने सर्व मांडण्या मोजल्या. फिरवून किंवा उलटून सारख्याच दिसणाऱ्या वगळल्या, तरीही चौरस 536 प्रकारे भरतो! हे प्रकार किती, हाच आर्किमिडीजचा मूळ प्रश्न असावा, असे काही अभ्यासक मानतात. माझ्या वहीत त्यांपैकी एकच होता.

त्याहून अधिक बोचली ती त्या ग्रंथाची कथा. दहाव्या शतकात आर्किमिडीजचे लेखन चर्मपत्रांवर उतरवले गेले होते. पुढे ती अक्षरे खरवडण्यात आली आणि 1229 मध्ये त्याच पानांवर योआनिस मिरोनास याने प्रार्थनाग्रंथ लिहिला. मिरोनास धर्मगुरू होता, माझ्यासारखाच. त्याला दोष कसा द्यावा? चर्मपत्र महाग होते, आणि प्रार्थनाग्रंथ म्हणून जपली गेल्यामुळेच ती पाने टिकली. 1906 मध्ये हायबर्ग या विद्वानाने कॉन्स्टँटिनोपल येथे प्रार्थनेच्या ओळींखालची पुसट अक्षरे ओळखली. 1998 च्या लिलावानंतर बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाच्या पुढाकाराने निरनिराळ्या रंगांचा प्रकाश व क्ष-किरण वापरून आणखी मजकूर वाचण्यात आला. स्टोमॅकियनचा मात्र थोडासाच भाग हाती लागला आहे.

वाचकहो, मिरोनासच्या पानावर खरवडल्यानंतरही शाईचा माग उरला. मी मोडलेल्या चौरसाचा काय उरला?

पुढच्या रविवारी त्या मुलाला बाजूला घेऊन मी म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तुझा चौरस बरोबर होता. चूक माझी होती."

"मला माहीत होतं, फादर," तो म्हणाला. "पण तुम्ही मोडलात. आता तो कसा होता, ते आठवत नाही."

तीस वर्षांच्या सेवेत मी कितीकांना "चुकलं" म्हटले असेल! पापनिवेदनाला येणाऱ्यांना, घरच्या कलहाचा निवाडा मागणाऱ्यांना, मनातली शंका बोलून दाखवणाऱ्या तरुणांना. काही खरेच चुकले असतील. पण काहींचा चौरस भरलेला असेल, आणि मी केवळ माझ्या वहीकडे पाहिले असेल.

त्या दिवशी आम्ही दोघे ओसरीवर तुकडे घेऊन बसलो. त्याची एसटी येईपर्यंत चौरस जुळला नाही. तुकडे तसेच ठेवायला सांगून तो धावत गेला. ते मी अजून हलवलेले नाहीत.