सुंगटाची मिशी

आजोबा मालवण सोडून होसकोट्यात मुलाकडे राहायला आले ते काचबिंदू घेऊनच. समोरचे दिसे, पण बाजूचे दिसणे जवळजवळ गेले होते. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तरी काठीचे नाव काढायची सोय नव्हती. नातवाने हात पुढे केला की ते झिडकारत. ‘‘माका दिसता!’’

एके दिवशी जुन्या मद्रास रस्त्यावर बाजूने आलेली स्कूटर त्यांना दिसलीच नाही. थोडक्यात निभावले. कोथिंबिरीची जुडी तेवढी रस्त्यावर सांडली. सूनबाईंनी त्यांचे एकट्याने बाहेर पडणे बंद केले आणि आजोबांनी बोलणे.

अशात नातवाला शाळेत प्रवाळांवर माहिती लिहायला सांगितली. तो मोठ्याने वाचू लागला, ‘अल्फियस’ नावाच्या चिमुकल्या झिंग्यांबद्दल. एक नांगी मोठी. ती फटकन मिटली की पाण्याची चिळकांडी उडते, बुडबुडा होतो आणि तो फुटताना आवाज येतो. आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुड्याचा आहे, हे शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले. पुढच्याच वर्षी कळले की फुटताना त्यात क्षणभर साडेचार हजार अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता असते! दुसऱ्या महायुद्धात या झिंग्यांच्या गोंगाटाने पाणबुड्या शोधणाऱ्यांनाही चकवले होते.

‘‘होडयेच्या तळाक कान लावलो की ऐकाक येय,’’ आजोबा अचानक म्हणाले. ‘‘फोडणीत कढीपत्तो टाकल्यासारख्या.’’

कितीतरी दिवसांनी ते आपणहून बोलले होते. नातू उत्साहाने पुढे वाचू लागला. यांच्यातल्या काही जातींची नजर फार अधू. प्रवाळांजवळच्या वाळूत हे बीळ खणतात, आणि दाराशी गोबी जातीचा एक मासा पहारा करतो. वाळू बाहेर टाकायला आलेला झिंगा आपली लांब मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवतो. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो. झिंगा तत्क्षणी आत, त्याच्या मागोमाग मासा.

आजोबा बराच वेळ गप्प होते.

‘‘आणि मासो तेका फुकट राखता?’’

‘‘नाही. त्याला राहायला बीळ मिळतं. त्याला स्वतःला कुठे खणता येतं?’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघे गावच्या मोठ्या तळ्याकडे निघाले. सूनबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. रस्त्याच्या कडेला आजोबा थांबले. नातवाने या वेळी हात पुढे केलाच नाही. थोड्या वेळाने त्याच्या खांद्यावर दोन बोटे टेकली. एक ट्रक गेला, मग बस. खांदा हलला नाही, बोटेही हलली नाहीत. रस्ता मोकळा झाल्यावर दोघांनी मिळून पाऊल टाकले.

‘‘बीळ कसला होया तुका?’’ पलीकडे पोचल्यावर आजोबांनी विचारले.

‘‘गणिताचं,’’ नातू म्हणाला. ‘‘अपूर्णांक राहिलेत.’’