पाकिटावर राहिलेलं अर्धं गाव

निजामाच्या राजवटीतलं पोस्टाचं जुनं तिकीट भिंगाखाली धरलं की आधी उर्दूची वळणं दिसतात, मग इंग्रजी अक्षरं. नजर जरा स्थिरावली की तेलुगूच्या गोलाईशेजारी आपली देवनागरीही सापडते. नखाएवढा कागद, लिप्या चार, आणि चौघी मिळून सांगतात ती किंमत एकच, आणा नाहीतर अर्धा आणा. 1871 साली सुरू झालेल्या मालेवर हे चौभाषी रूप आहे. आदिलाबादच्या माणसाला त्याचं फारसं नवल वाटत नाही. इथे कापसाचा भाव मराठीत निघतो, घासाघीस दखनीत होते आणि पावती तेलुगूत मिळते. तिकिटाचा तो चौकोन म्हणजे इथला रोजचा बाजारच.

अशी तिकिटं आयुष्यभर जमवलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. कपाटात अल्बम, टेबलावर चिमटा, आणि तोंडात कॅटलॉगचे क्रमांक. त्यांना एकदा विचारून पाहावं, की काका, पुन्हा पहिल्या तिकिटापासून सुरुवात करायची झाली तर काय वेगळं कराल? आपल्याला वाटतं, म्हणतील, अमुक दुर्मिळ तिकीट तेव्हा स्वस्तात मिळत होतं, ते घेऊन ठेवलं असतं. तेही म्हणतात, पण जरा वेळाने. आधी येतं ते दुसरंच उत्तर: "पाकिटं कापली नसती."

हे उत्तर कळायला तिकीट सोडवण्याचा तो सोहळा आठवावा लागतो. रविवारची सकाळ, वाटीत कोमट पाणी, पाकिटांचे कापलेले कोपरे त्यात पालथे. पाच-दहा मिनिटांत गोंद ढिला पडतो आणि तिकीट कागदापासून अलगद सुटून वर येतं. कधी रंगीत पाकिटाचा जांभळा रंग पाण्यात उतरतो आणि बाजूच्या तिकिटाला जन्माचा डाग देऊन जातो. मग वर्तमानपत्रावर ओळीने पालथी मांडायची, वर दुसरा कागद, त्यावर ज्ञानेश्वरी नाहीतर टेलिफोनची डिरेक्टरी. संध्याकाळपर्यंत तिकिटं ताठ. घरादाराने वर्षानुवर्षं हे केलं. त्यात पाकिटाचा उरलेला भाग चुलीत गेला, आणि त्या भागावर शिक्क्याचा उरलेला अर्धा गोल होता.

तिकिटाच्या पोटावर आलेला शिक्का नेहमी अपुरा असतो. 'आदि' इकडे आणि 'लाबाद' तिकडे. कात्री चालली की गावाचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक कायमचा जातो. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असायचा, तोही जातो. पत्र कुठून निघालं, किती दिवसांनी पोचलं, मधे कुठे अडलं, कोणी कोणाला लिहिलं, हे सगळं कापलेल्या कागदावर होतं. अल्बममध्ये उरतं ते नीट धुतलेलं, कोणाचंच नसलेलं तिकीट.

इतर जिल्ह्यांत हे नुकसान सोसण्यासारखं असेलही. आदिलाबादचं तसं नाही. 1931 साली निजाम सरकारने चित्रांची तिकिटं काढली, त्यांत चारमिनार आला, उच्च न्यायालय आलं, उस्मानसागर तलाव आला, अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बीदरचा मदरसा, दौलताबादचा मनोरा हेही आले. आज या चित्रांची वाटणी तीन राज्यांत झाली आहे. आदिलाबादचं मात्र त्यात काहीच नव्हतं. पुढच्या तिकिटांवर गोवळकोंडा आला, वरंगळची काकतीय कमान आली, तेव्हाही नाही. म्हणजे या जिल्ह्याला पोस्टाच्या कागदावर जागा मिळाली ती शिक्क्यातच, आणि आपण नेमका तोच कापत आलो.

शिवाय ही जागा काठावरची. पेनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, वर्धा नदीच्या पलीकडे चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. तिकडे इंग्रजी मुलूख, अलीकडे निजामाची मोगलाई. निजामाचं तिकीट निजामाच्या हद्दीपुरतंच चाले. पत्र हद्दीबाहेर जायचं तर इंग्रज सरकारच्या टपालाचं तिकीट लागे. नाणंही वेगळं. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. नदीपलीकडे पांढरकवड्याला दिलेल्या लेकीला पत्र लिहायचं तर एक राजा, आणि हैदराबादच्या कचेरीत अर्ज धाडायचा तर दुसरा. असं एखादं पाकीट पत्त्यासकट हातात आलं तर ती नदी डोळ्यांसमोर वाहते. त्यावरचं तिकीट सोडवून घेतलं की उरतो पंचम जॉर्जचा एक चेहरा, जो शंभर ठिकाणी मिळतो.

मला स्वतःला या सगळ्यांत एक काळ फार ओढ लावतो. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं. पण तिकिटं लगेच बदलली नाहीत. निजामाची तिकिटं 31 मार्च 1950 पर्यंत चालत राहिली आणि 1 एप्रिलपासून त्यांच्या जागी भारताची आली. मधे 26 जानेवारी होऊन गेला होता. म्हणजे दोन महिन्यांहून थोडे अधिक दिवस असे होते, जेव्हा प्रजासत्ताक भारतातल्या गावाहून निघालेल्या पत्रावर निजामाचं तिकीट असे आणि ते पत्र रीतसर पोचतही असे. आता विचार करा, हे तिकीट धुऊन अल्बममध्ये लावलं तर कोण सांगणार की ते फेब्रुवारी 1950 चं आहे? दहा वर्षं आधी छापलेल्या तशाच तिकिटात आणि यात रतीभर फरक नाही. फरक आहे तो शिक्क्यातल्या तारखेत. आणि तारीख अर्धी पाकिटावर.

1956 नंतरची पत्रं दिसायला साधीच, पण तीही बोलकी. 1 नोव्हेंबरला भाषावार राज्यं झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं. त्याच्यापासून किनवट आणि राजुरा सुटून मुंबई राज्यात गेले. नांदेडचं मुधोळ इकडे आलं. राजुरा आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चांद्याला जोडला. घर तेच, विहीर तीच, पत्त्यातली शेवटची ओळ मात्र बदलत गेली. भैंशाच्या आणि मुधोळच्या मराठी घरांतून नांदेडच्या नातेवाइकांना जाणारं कार्ड आता परराज्यात जाऊ लागलं. 2014 मध्ये तेलंगणा झालं, 2016 च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचेच चार तुकडे पडले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीम आसिफाबाद. तिकिटावर यातलं काही दिसत नाही, तिथे गांधीजी आहेत तसेच आहेत. कळतं ते पत्त्यावरून.

पत्त्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणारा माणूस छंदोबद्ध लिहिणारा असावा, यात मला औचित्य वाटतं. आदिलाबाद 504001. पेनगंगा ओलांडली की पहिला आकडा चार होतो.

या आकड्यांचीही ज्यांच्यापुढे पंचाईत व्हावी अशी गावं याच पट्ट्यात आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडळालगत, चंद्रपूरच्या जिवती तालुक्याला चिकटून परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आणि त्यांची शेजारची गावं. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात. लोकांकडे दोन्हीकडची कागदपत्रं, मतदानही दोन्हीकडे. या गावांत आलेली सरकारी पाकिटं, दोन भाषांतली, दोन राज्यांच्या कचेऱ्यांतली, कोणी एका जागी ठेवली तर तिकिटांच्या कुठल्याही महागड्या अल्बमपेक्षा मी ती आधी उघडून बघेन. याच डोंगरांत मार्लवाईला 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षकांसाठी केंद्र काढलं आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापवून घेतली. तिथल्या एखाद्या शिक्षकाचं पोस्टकार्ड कुठल्या ट्रंकेत असेल तर त्याला मोल नाही.

जुने संग्राहक आणखी एका तिकिटाचं नाव काढून हळहळतात. कुटुंब नियोजनाचं पाच पैशांचं तिकीट, लालसर, अगदी नीरस. पोरं ते फेकूनच द्यायची. 15 नोव्हेंबर 1971 पासून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैसे जादा लावावे लागत. वेगळं तिकीट पुरेसं पोचेपर्यंत गावोगावच्या पोस्टांनी याच लाल तिकिटावर निर्वासित मदतीचे शिक्के हाताने मारले. कुणाचा शिक्का तिरका, कुणाचा जाड, कुणाची शाई फिकी. हा कर 31 मार्च 1973 पर्यंत चालला. आज त्या गावठी शिक्क्यांची पाकिटं लोक शोधत फिरतात, आणि अट एकच असते, पाकीट अख्खं पाहिजे, गावाचं नाव वाचता आलं पाहिजे.

बाकीच्या हळहळींची यादी लांब आहे, पण ती झटपट उरकता येते. सगळ्या जगाची तिकिटं जमवायचा हट्ट केला, हंगेरी आणि पोलंडने वह्या भरल्या आणि हाती काही लागलं नाही. प्रथम दिवस पाकिटं दर महिन्याला घेतली. ती सगळ्यांनीच घेतली, म्हणून कोणालाच नको आहेत. चिकटपट्टी वापरली, ती पिवळी पडून कागदात उतरली. एकाने तर हौसेने लॅमिनेशन करून आणलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं. स्वस्त प्लास्टिकच्या कप्प्यांनी शाई ओढून घेतली. इथला उन्हाळा गोंद तडकवतो आणि पावसाळा तो चिकटवतो, म्हणून कोरी तिकिटं सांभाळणं हे या मुलखात बाळंतिणीची काळजी घेण्यासारखं. आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले पुरे ताव! ते लाखोंनी छापलेले असतात. पुष्कळांना ते शेवटी पत्रांवर चिकटवून संपवावे लागले.

मात्र या पश्चात्तापांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. सत्तरच्या दशकात भूतानने वाजणारी तिकिटं काढली, ग्रामोफोनच्या छोट्या तबकडीसारखी. जाणत्यांनी नाकं मुरडली, ही काय तिकिटं, ही तर खेळणी. आज ती चांगल्या भावाने विकली जातात. म्हणजे अनुभवाला पुढचं दिसतंच असं काही नाही.

दुसरंही एक आहे. दहा वर्षांच्या मुलाला अर्धवट उमटलेला शिक्का दाखवून हा ठेव, यात इतिहास आहे असं सांगितलं असतं तर त्याने छंदच सोडला असता. त्याला वाघ हवा होता, अंतराळवीर हवा होता, त्रिकोणी तिकीट हवं होतं. वाटीतल्या पाण्यात तिकीट सुटून वर येताना त्याचे डोळे जसे चमकले, ते चमकणं नसतं तर पुढे साठ वर्षं कोणी चिमटा हातात धरला नसता. म्हाताऱ्या काकांनाही हे ठाऊक असतं. पाकिटं कापली नसती, असं म्हणता म्हणता त्यांचा हात त्या धुतलेल्या तिकिटांच्या पहिल्या वहीकडे जातोच. त्या वहीला रागावण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्याचा वाघाचा हट्ट आता फिटला आहे त्याने जग सोडून आपलं पोस्ट ऑफिस धरावं. एक जिल्हा, जमलं तर एकच तालुका.

आणि घाई करावी. तार जुलै 2013 मध्ये बंद झाली. नोंदणी टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. रजिस्टर पत्राच्या डाव्या कोपऱ्यात पोस्टाचं नाव आणि क्रमांक छापलेली जी चिठ्ठी असायची, तिची जागा आधीच बारकोडने घेतली होती. घरी येतात ती बँकेची आणि विम्याची पाकिटं, त्यांवर बहुतेकदा तिकीटच नसतं. हाताने लिहिलेला पत्ता दिसला तर पोस्टमनही दोनदा बघतो.

तेव्हा आदिलाबाद, उटनूर, बोथ, निर्मल, मुधोळ, किनवट, राजुरा इथल्या ज्या घरांत माळ्यावर पत्रांची ट्रंक आहे, त्यांना विनंती आहे. तिकीट आवडलं म्हणून कोपरा कापू नका. पत्र आत असेल तर आतच राहू द्या. पाकिटावर काही लिहू नका. कोणाचं, कोणाला, नातं काय, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा साधा बटर पेपर बरा, आणि पावसाळा संपला की एकदा वारा लागू द्या. रद्दीत घालायचंच ठरलं असेल तर निदान त्याआधी प्रत्येक पाकीट उलटून बघा. जुन्या पत्रांच्या मागच्या बाजूला पुष्कळदा दुसऱ्या पोस्टाचा शिक्का असतो, आणि तो बहुधा समोरच्यापेक्षा स्पष्ट उमटलेला असतो.