मार्गारिताची पाल

ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीत पसरलेला हजर पर्वत दिवसा निर्जीव वाटतो. चुनखडीचे उभे कडे, कोरड्या ओढ्यांतले गोटे आणि दगडाला हात लावू न देणारं ऊन. रात्री मात्र कपारींतून पाली बाहेर पडतात. बोटांची टोकं पानासारखी पसरट, डोळ्यांत उभी बाहुली, अंगावर खडकाचाच रंग. विजेरीचा झोत फिरला की वाटतं, दगडावरून सावलीच सरकली.

या पालींच्या मागे लागलेली माणसं रात्र रात्र त्या कड्यांखाली काढतात. पाल अलगद पकडायची, जागा टिपायची, शेपटीचा इवलासा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा. मग प्रयोगशाळेत बसून ओठांवरचे खवले, बोटांखालच्या पट्ट्या, पाठीवरचे उंचवटे भिंगाखाली मोजायचे, डीएनए वाचायचा. या डोंगरातली पाल आणि त्या डोंगरातली पाल, डोळ्यांना दोघी सख्ख्या बहिणी. पण आकडे जुळत नाहीत आणि मनात शंका चुकचुकू लागते. हजर फार जुना, चहूकडून वाळू आणि समुद्राने तोडलेला. अशा ठिकाणी एकेका कड्याच्या आधाराने राहिलेली कुळं युगानुयुगं एकमेकांना न भेटता वेगळी होत जातात.

निकोलस अर्नोल्ड आणि अँड्र्यू गार्डनर यांनी १९९४ मध्ये इथल्या एका शेपटी गुंडाळणाऱ्या पालीचं वर्णन केलं. नाव दिलं असॅकस कॉडिव्होल्व्ह्युलस. उत्तर हजरमधल्या तशा दिसणाऱ्या सगळ्या पाली मग याच नावाच्या गाठोड्यात पडत गेल्या. २०१६ मध्ये साल्व्हादोर कारांझा आणि सहकाऱ्यांनी ते गाठोडं सोडलं. आतून आणखी दोन जाती निघाल्या. एकीला गार्डनर यांचं नाव मिळालं. दुसरी झाली असॅकस मार्गारिटी.

मार्गारिता मेटालिनू मूळच्या ग्रीसच्या. बार्सिलोनात राहून त्यांनी सहारा आणि अरबस्तानातल्या पालींच्या वंशावळी उलगडल्या. ओमानच्या शर्किया वाळूतली एक नवी पाल २०१३ मध्ये कारांझांबरोबर त्यांनीच जगापुढे आणली. २०१५ मध्ये झांबियाच्या काफुए राष्ट्रीय उद्यानात संशोधनाच्या कामावर असताना हत्तीच्या हल्ल्यात त्या गेल्या. नावं देणारीचं नाव पुढच्याच वर्षी एका पालीला लागलं.

माणूस गेलं की भेटायला येणारा जो तो म्हणतो, "ती वेगळीच होती हो." कशात वेगळी, हे कोणी विचारत नाही, त्या घरात ते विचारायचं नसतं. दोन-चार वर्षांत मग सगळे गेलेले सारखेच होतात. फोटोतला तोच हार, तीच तारीख, तेच दोन शब्द. मरण माणसाला एकदाच नेतं आणि नंतर हळूहळू गर्दीत मिसळून टाकतं. मार्गारितांच्या धंद्यात मात्र 'वेगळी' एवढं म्हणून सुटका नाही. किती खवल्यांनी वेगळी, कुठल्या जनुकात, कोणापासून, सगळं लिहून द्यावं लागतं.

हे लिहून देणं फुकटात होत नाही. नव्या जातीचा दाखला म्हणून एक जीव संग्रहालयाच्या बरणीत जातो. त्याला चिठ्ठी बांधली की पुढची सगळी भावंडं त्याच्याशी ताडून पाहायची. शिवाय दोन नावं नवी आली, तशी जुन्या नावाची जमीन घटली. डोंगरभर आहे असं वाटणारी कॉडिव्होल्व्ह्युलस अमिरातीत किनाऱ्याजवळच्या लहानशा टापूत उरली, आणि किनारा म्हटला की बांधकामं आलीच. पाल होती तिथेच होती. ती किती थोडी आहे, ते आता कळलं. मोजून पाहणाऱ्याच्या वाट्याला हे दुःख येतंच. ढोबळ प्रेम करणाऱ्याला ते होत नाही.

मार्गारितांसाठी कोणी संगमरवरी शिळा बसवली असती, तर तिच्यावर कुणाचा आक्षेप आला नसता. जातीच्या नावावर तो घेता येतो. उद्या एखादा अभ्यासक नवे नमुने घेऊन म्हणू शकतो की ही जात वेगळी नाहीच, पुन्हा जुनीत घाला. तसं म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. फक्त त्याआधी त्याला असॅकस मार्गारिटीपुढे बसून एकेक खवला मोजत वाद घालावा लागेल. असा वाद मार्गारितांनी स्वतः आनंदाने घातला असता.